गणित सुटलेल्यांसाठी: अर्थशास्त्र, व्यापार आणि वित्त यांचं गणित कोणत्या क्रमाने शिकावं

दहावीनंतर मी कला शाखा घेतली आणि गणिताची वही माळ्यावर गेली. बी.ए.ला अर्थशास्त्र, तेही मराठी माध्यमातून. सीमांत उपयोगिता, मागणीची लवचिकता, समवृत्ती वक्र हे सगळं शब्दांत नीट कळायचं. एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात तेच विषय फळ्यावर चिन्हांत आले आणि मला ते ओळखता येईनात. ‘डी क्यू बाय डी पी’ (किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे सांगणारं चिन्ह) हा साधा अपूर्णांक समजून मी आणि माझ्या बाकावरच्या दोघांनी ‘डी’ला ‘डी’ने छेद दिला. ते अख्खं मिळून एकच चिन्ह आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे पाच महिने रोज दीड तास बसून मी हे गणित शिकलो. त्यातले दोन महिने निव्वळ चुकीच्या क्रमामुळे वाया गेले, कारण मी थेट अवकलनावर (डेरिव्हेटिव्हवर) उडी मारली आणि घातांकापाशी अडकत राहिलो. ज्यांचं गणित मध्येच सुटलं, मग ते कला शाखेचे असोत, गणित न घेतलेले वाणिज्यचे असोत किंवा नोकरी-धंद्यातून पुन्हा अभ्यासाकडे वळलेले, त्यांचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हा क्रम लिहितो आहे.

आधी ठरवा: हे कशासाठी हवंय?

सगळ्यांना सगळं लागत नाही. सीए फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात व्यापारी गणिताला ४०, तार्किक विचाराला २० आणि संख्याशास्त्राला ४० गुण असतात. त्यासाठी खालच्या पायऱ्यांपैकी दुसरी आणि सातवी पक्की करा. एम.ए. किंवा एम.एस्सी. अर्थशास्त्र करणाऱ्यांना चौथी आणि पाचवी टाळता येणार नाही. यूजीसी नेटच्या अर्थशास्त्र पेपरात तर गणिती अर्थशास्त्र हा वेगळा घटकच आहे. स्वतःचा व्यवसाय असेल तर पहिल्या दोन पायऱ्या आणि चौथीतलं मोदकाचं उदाहरण एवढ्यावरही बरंच काम भागतं.

लागणारं साहित्य

- बालभारतीची नववी आणि दहावीची ‘गणित भाग १’ ही पुस्तकं, शिवाय अकरावी-बारावी वाणिज्यची गणित व संख्याशास्त्राची पुस्तकं. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.
- आलेख कागद आणि पट्टी. मोबाइलवर जिओजेब्रा हे आलेख काढणारं अ‍ॅप जरूर घ्या, पण पहिले वीस-पंचवीस आलेख हातानेच काढा.
- घातांक आणि लॉगची बटणं असलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर.
- एक्सेल किंवा गूगल शीट्स.
- शब्दांची एक वेगळी वही. प्रत्येक पानावर तीन रकाने: इंग्रजी संज्ञा (देवनागरीत लिहिली तरी चालेल), मराठी संज्ञा, आणि तिचा अर्थ तुमच्या शब्दांत एका वाक्यात.

ही वही सगळ्यात महत्त्वाची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला निम्म्या वेळा गणित अडत नाही, शब्द अडतो. फंक्शन म्हणजे फलन, आणि ‘उत्पादन फलन’ तर आपण बी.ए.ला शिकलेलोच असतो. स्लोप म्हणजे दहावीच्या भूमितीतला ‘रेषेचा चढ’. ओळखीचा माणूस नवे कपडे घालून आलाय, एवढंच.

१. नववी-दहावीचं बीजगणित पुन्हा करा

इथे लाज वाटू देऊ नका. दोन आठवडे द्या. अपूर्णांक, कंस सोडवणं, घातांक, दोन चलांतील रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं, इतकंच. घातांकांत विशेषतः ऋण आणि अपूर्णांकी घात पक्के करा: घात १/२ म्हणजे वर्गमूळ, घात −१ म्हणजे व्यस्त. उत्पादन फलनात हे पदोपदी येतात.

मग लगेच पहिलं आर्थिक गणित सोडवा. मागणी = १०० − २ × किंमत; पुरवठा = १० + ४ × किंमत. दोन्ही समान ठेवा. किंमत १५, नग ७०. बाजाराचा समतोल म्हणजे दहावीची दोन समीकरणं, याहून जास्त काही नाही.

सापळा: आता हे आलेखावर काढा आणि एक विचित्र गोष्ट दिसेल. वरच्या समीकरणात किंमत आधी येते आणि मागणी तिच्यावर अवलंबून आहे. गणिताच्या शिरस्त्याप्रमाणे किंमत आडव्या अक्षावर हवी. अर्थशास्त्रात मात्र ती उभ्या अक्षावर असते. ही रीत इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्यामुळे रूढ झाली आणि तशीच राहिली. परिणाम असा, की पुस्तकातल्या मागणी वक्राचा चढ आणि समीकरणातला आकडा एकमेकांचे व्यस्त निघतात. समीकरणात −२ असेल, तर आकृतीत −१/२. ‘माझंच चुकतंय’ असं वाटून मी यात एक पूर्ण रविवार घालवला आहे.

२. चक्रवाढ व्याज आणि वर्तमान मूल्य

वित्ताचं सगळं गणित एका प्रश्नावर उभं आहे: उद्याच्या रुपयाची आजची किंमत किती? आज १०० रुपये १० टक्क्यांनी ठेवले तर वर्षाने ११० होतात. म्हणून वर्षाने मिळणाऱ्या ११० रुपयांची आजची किंमत १००. पुढे जाताना गुणायचं, मागे येताना भागायचं.

एक उदाहरण घ्या. १,००,००० रुपयांची पिठाची गिरणी घेतली, तीन वर्षं प्रत्येक वर्षाअखेर ४०,००० सुटतात, नंतर ती मोडीत जाते आणि मोडीचे पैसे धरायचे नाहीत. वरवर २०,००० फायदा दिसतो. पण १० टक्क्यांनी आजच्या मूल्यात आणलं तर त्या तीन हप्त्यांची किंमत ९९,४७४ भरते, म्हणजे ५२६ रुपये तोटा. ही बेरीज हाताने करा: ४०,००० भागिले १.१, भागिले १.२१, भागिले १.३३१. मगच एक्सेलकडे जा.

सापळा: एक्सेलचं एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्य) सूत्र पहिला आकडा पहिल्या वर्षाच्या शेवटचा धरतं. आज घातलेले १,००,००० त्या कंसात टाकले तर तेही एक वर्ष मागे खेचले जातात आणि उत्तर −५२६ ऐवजी −४७८ येतं. आजची रक्कम कंसाबाहेर वजा करा.

दुसरा सराव गृहकर्जाचा. १० लाख, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता सुमारे ८,९९७ रुपये. शीटमध्ये २४० ओळी करा: उरलेलं मुद्दल, त्यावर महिन्याचं पाऊण टक्का व्याज, हप्त्यातून उरलेलं मुद्दलात. पहिल्या महिन्यात ७,५०० रुपये व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम १,४९७. दहा वर्षं, म्हणजे निम्मी मुदत संपते तेव्हा अजून सुमारे ७ लाख १० हजार बाकी असतात. ही शीट स्वतः बनवली की श्रेढी, घातांक आणि वार्षिकी (ठरावीक काळाने येणारे समान हप्ते) हे तीन धडे एकदम कळतात. मी ती घरी दाखवली तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, ‘मग मधेच जास्तीचे भरले तर?’ तेही एका रकान्यात करून बघता येतं, नक्की करा.

सापळा: ‘फ्लॅट’ व्याजदर. १ लाख, दोन वर्षं, १० टक्के फ्लॅट म्हणजे २०,००० व्याज आणि ५,००० चा हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर घेतलं जातं. शीटमधल्या ‘रेट’ या सूत्रात २४ हप्ते, −५,००० आणि १,००,००० घाला, आलेला मासिक दर १२ने गुणा. खरा दर १८ टक्क्यांच्या थोडा वरच निघतो.

आणि टक्के व टक्के-बिंदू यांत गल्लत नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला. तो पाव टक्के-बिंदूने, म्हणजे २५ बेसिस पॉइंटने उतरला. ‘पाव टक्क्याने उतरला’ असं आपण सगळेच म्हणतो, पण गणितात ६.५० च्या तुलनेत ती घट ३.८ टक्क्यांहून थोडी जास्त आहे.

३. लॉग: घाबरायचं कारण नाही

लॉग एकच प्रश्न विचारतो: किती घात चढवला की हा आकडा येईल? व्यवहारात तो ‘किती वर्षं लागतील’ असा येतो. ८ टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं? लॉग २ भागिले लॉग १.०८, उत्तर जवळपास ९. बँकेतली माणसं ‘७२ ला दराने भागा’ म्हणतात, ते याच लॉगचं तोंडी रूप.

‘ई’ हा आकडाही इथेच भेटतो. १२ टक्के वर्षातून एकदा आकारले तर १०० चे ११२ होतात, दर महिन्याला आकारले तर ११२.६८, दर क्षणाला आकारले तर ११२.७५. त्या शेवटच्या टोकाला ‘ई’ असतो. पुढे संख्याशास्त्र शिकताना हे लक्षात ठेवा: मागणी आणि किंमत दोन्हींचे लॉग घेतले की येणारा गुणांक हीच थेट लवचिकता असते, म्हणजे किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती टक्के बदलते तो आकडा.

४. अवकलन: इथे घाई करू नका

मराठी पुस्तकांत कुठे अवकलन, कुठे विकलन लिहितात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याचं नाव आधीच माहीत आहे: सीमांत, म्हणजे आणखी एका नगामागचा बदल. सीमांत खर्च, सीमांत प्राप्ती, सीमांत उपयोगिता ही सगळी अवकलनंच. नियम पाठ करण्याआधी खालचं उदाहरण आकड्यांत करा.

समजा गणपतीच्या दिवसांत तुम्ही उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेता. ५० रुपयांना एकही जात नाही, आणि दर १० पैशांनी उतरवला की एक नग जास्त खपतो. नगांना ‘न’ म्हणू. किंमत = ५० − ०.१ × न. नारळ, गूळ, पिठी, गॅस मिळून मोदकामागे १० रुपये, आणि भांडी-शेगडीचं भाडं ८०० रुपये, मोदक किती का होईनात.

आता २०० मोदकांवर थांबा. किंमत ३०, प्राप्ती ६,०००. २०१ करायचे तर दर २९.९० करावा लागतो, प्राप्ती ६,००९.९०. म्हणजे शेवटचा मोदक २९.९० ला विकूनही गल्ल्यात वाढले फक्त ९.९०. उरलेले २० रुपये कुठे गेले? आधीच्या २०० गिऱ्हाइकांनाही १० पैसे कमी लावावे लागले, तिथे. सीमांत प्राप्ती किमतीपेक्षा कमी का असते, हे बी.ए.ला मी पाठ केलं होतं, पण मला ते कळलं या वीस रुपयांत. मोदकाचा खर्च १० आणि भर ९.९०, म्हणजे २०१वा करू नये. २०० वा केला तेव्हा भर होती १०.१०, तो योग्यच होता.

हे आकड्यांत दिसल्यावर चिन्हांत करा. नफा = ४० × न − ०.१ × न × न − ८००. अवकलन केलं तर ४० − ०.२ × न. ते शून्य ठेवा: न = २००, किंमत ३०, नफा ३,२००. पडताळा घ्या: १९० ला नफा ३,१९०, २१० लाही ३,१९०. दोन्ही बाजूंना उतार, म्हणजे आपण माथ्यावर आहोत.

या छोट्या गणितात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, ८०० रुपये अवकलनात गळून पडले. भाडं १,२०० झालं तरी योग्य किंमत ३० च राहते, फक्त नफा घटतो. ‘भाडं वाढलं म्हणून दर वाढवला’ हा निर्णय या हिशेबात बसत नाही, आणि धंद्यातल्या माणसाने हे एकदा कागदावर पाहायलाच हवं. दुसरी गोष्ट लवचिकतेची. इथे किंमत एक रुपयाने वाढली तर १० नग कमी खपतात, म्हणून लवचिकता = १० × ३० ÷ २०० = १.५. आणि किमतीतला नफ्याचा वाटा, (३० − १०) ÷ ३० = २/३, हा नेमका १ ÷ १.५ आहे. मक्तेदारीच्या धड्यातलं हे सूत्र आपण आत्ता मोदकावर सिद्ध केलं.

सापळा: अवकलन शून्य म्हणजे कमाल, असं नाही. दरीच्या तळाशीही चढ शून्यच असतो. दुसरं अवकलन घ्या. ते ऋण असेल तरच माथा. आपल्या उदाहरणात ते −०.२ आहे. परीक्षेत ही एक ओळ न लिहिल्याने गुण जातात.

नियमांपैकी घातांकाचा नियम, गुणाकाराचा, साखळी नियम आणि लॉगचं अवकलन एवढे चार आधी करा. त्रिकोणमितीची फलनं सध्या सोडा. विज्ञान शाखेच्या पुस्तकातून शिकलात तर निम्मा वेळ साइन-कोसाइनमध्ये जातो, म्हणूनच वर मी वाणिज्यची पुस्तकं सुचवली. संकलन हे अवकलनाच्या उलट दिशेचं काम. उपभोक्त्याचं आधिक्य म्हणजे मागणी वक्राखालचं आणि किमतीच्या रेषेवरचं क्षेत्रफळ, एवढ्यापुरतं ते सुरुवातीला पुरे.

५. बंधनाखाली निवड

खिशात २०० रुपये, चहा १० चा, वडापाव २० चा. उपयोगिता = चहा × वडापाव, असं धरा. पुस्तकात इथे लाग्रांजची पद्धत (बंधन पाळून कमाल शोधायची रीत) येते, ग्रीक अक्षर लॅम्डा येतं आणि बरेच जण पान उलटतात. तुम्ही आधी जोड्या लिहून बघा: ८ चहा ६ वडापाव = ४८, १२ आणि ४ = ४८, १० आणि ५ = ५०. मग पद्धतीने सोडवा, तेच १० आणि ५ येतील.

लॅम्डा येतो ०.५. त्याचा अर्थ कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो: खिशात एक रुपया वाढला तर उपयोगिता अंदाजे अर्ध्याने वाढेल. २०१ रुपये घालून बघा, ५० चे ५०.५० होतात. लॅम्डा म्हणजे बंधन एका रुपयाने सैल केल्याचं मोल. कारखान्यात हाच एका जादा यंत्रतासाचा भाव असतो.

६. आव्यूह

आव्यूह, म्हणजेच मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता. गुणाकार, निश्चयक (डिटरमिनंट) आणि व्यस्त एवढं शिका. अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिफ यांना १९७३ साली नोबेल मिळालं ते आदान-प्रदान तक्त्यांसाठी: एका उद्योगाचं उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल, आणि सगळी समीकरणं एकदम सोडवायची. तीनपेक्षा मोठा आव्यूह हाताने सोडवत बसू नका, शीट ते काम करते.

७. संख्याशास्त्र

मध्य, मध्यक, बहुलक दहावीला झालेले असतात, पण वापर कळलेला नसतो. नऊ कामगारांना १५,००० आणि मालकाला १,६५,००० मिळत असतील तर मध्य ३०,००० येतो, मध्यक १५,०००. त्या जागी काम करणाऱ्याला मध्यकच खरं सांगतो.

सापळा: परताव्याचा मध्य. एका वर्षी ५० टक्के वाढ, पुढच्या वर्षी ५० टक्के घट. साधा मध्य शून्य. पण १०० चे १५० आणि मग ७५ झाले. परतावे गुणाकाराने चालतात, म्हणून तिथे भूमितीय मध्य घ्यायचा.

मग प्रमाण विचलन (आकडे मध्यापासून किती पसरलेत), सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने हलतात), प्रतिगमन (एकीवरून दुसरीचा अंदाज) या क्रमाने जा. अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली मांडलेला, गुंतवणूक विभागून जोखीम कमी करण्याचा विचार यांतल्या पहिल्या दोन आकड्यांवर आहे: दोन गुंतवणुकींचं प्रमाण विचलन प्रत्येकी २० टक्के असेल, त्यांचा परस्परांशी सहसंबंध शून्य असेल आणि पैसे निम्मे-निम्मे घातले, तर एकत्रित विचलन सुमारे १४ टक्क्यांवर येतं.

फसवे शब्द

वहीच्या शेवटच्या पानावर हे लिहून ठेवा. डेरिव्हेटिव्ह: गणितात अवकलन, शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स. व्हेरिअन्स: संख्याशास्त्रात प्रमाण विचलनाचा वर्ग, परिव्यय लेखांकनात ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक. मार्जिन: दुकानदाराचा नफ्याचा वाटा, पण मार्जिनल म्हणजे आणखी एका नगामागचा बदल. इंग्रजी पुस्तकातलं मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, हेही तिथेच.

८. रोजचा सराव कसा करावा

मार्शल स्वतः केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८६५ साली दुसरे आले होते. तरीही १९०६ साली संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली रीत सांगितली ती अशी: गणित लघुलिपीसारखं वापरायचं, मग ते साध्या भाषेत उतरवायचं, खऱ्या आयुष्यातलं उदाहरण द्यायचं आणि शेवटी गणित जाळून टाकायचं. जाळायला आपल्याकडे अजून काही जमलेलं नाही, पण भाषेत उतरवण्याचा भाग मी अक्षरशः पाळला. प्रत्येक उदाहरणाखाली उत्तराचा अर्थ एका मराठी वाक्यात लिहायचा. ‘न = २००’ वर थांबायचं नाही; ‘दोनशे मोदकांनंतर पुढचा मोदक आपले पैसे खातो’ असं लिहायचं. वाक्य सुचलं नाही तर ते उदाहरण दुसऱ्या दिवशी पुन्हा, वेगळे आकडे घालून.

व्हिडिओ लावून मान डोलावत बसलात तर हात चालत नाही. एक व्हिडिओ, मग तो बंद करून तीन उदाहरणं. शिकवणी लावायची असेल तर पहिल्या तासाला शिक्षकांना विचारा, ‘सर, या लॅम्डाचा रुपयांत अर्थ काय?’ सूत्र सांगून पुढे गेले तर दुसरी शिकवणी बघा. आणि दर रविवारी मागच्या आठवड्यातली पाच उदाहरणं कोऱ्या कागदावर, वही न उघडता सोडवा. तीन जमली तर पुढची पायरी घ्या, नाही तर तो आठवडा पुन्हा करा.